काकूंनी पेरणीयंत्र बाहेर काढलं

स्वतःच्या डोक्यानं तुम्ही शेवटचा निर्णय कधी घेतलात, सांगता? नाही, नीट आठवा. शेजाऱ्यानं कोणता फ्रीज आणला हे न बघता आणलेला फ्रीज. मेहुण्याला न विचारता मुलीला घेऊ दिलेलं शिक्षण. चारजण उठायच्या आधी सभेतून एकट्यानं उठून जाणं. आठवत नाही ना? मग पुढच्या गोष्टीत हसायला भरपूर आहे, खुशाल हसा, पण बोट दाखवून हसू नका.

काकूंच्या गोठ्यात नऊ गाई. वय अठ्ठावन्न, म्हणजे काकूंचं. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे तांब्याच्या तारेचे चार वेढे. गमबूट दोन्ही पायांचे वेगवेगळ्या मापाचे, कारण एकेक बूट वेगवेगळ्या जोडीतला उरला. दोन वेळा धारा काढायच्या, दूध डेअरीवर घालायचं, गोठा धुवायचा, चारा टाकायचा, आणि मधल्या वेळात नवऱ्याला त्याचा चष्मा शोधून द्यायचा, असा दिवस. गाईंना नावं ठेवायची काकूंची रीत साधी होती. जी जशी वागेल तसं नाव. दर फाटकापाशी उभी राहून हरकत घेणारी ती वकीलीण. दुसऱ्याच्या दावणीवर तोंड घालणारी ती पाहुणी. पोटाचा नगारा असलेली ती ढोली. आणि जमिनीवर पाय टेकवतानासुद्धा उपकार केल्यासारखी चालणारी ती राणीसाहेब. राणीसाहेब गाभण होत्या आणि त्यामुळे जास्तच राणीसाहेब झाल्या होत्या.

त्या वर्षी पावसाचे महिने आले तसे गेले. ढग यायचे, वस्तीवरून ऐटीत मिरवायचे आणि पुढे निघून जायचे. कुरण इतकं बोडकं झालं की गाई सवयीनं तोंड खाली घालायच्या आणि नुसती धूळ हुंगून वर काढायच्या. बोअर रोज अर्धा तास खोकत खोकत पाणी द्यायचा. तेवढ्यात माणसांचं आणि जनावरांचं पिणं व्हायचं, दुधाची भांडी आणि गोठा धुतला जायचा, बस.

आता प्रश्न समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. दरवर्षी थंडीच्या तोंडाशी काकू तीन एकरांत ओट पेरायच्या. ओट म्हणजे गव्हासारखं दिसणारं चाऱ्याचं पीक. गुडघ्याइतकं झालं की गाईंना आत सोडायचं, खाऊ द्यायचं, बाहेर काढायचं, पुन्हा फुटलं की पुन्हा सोडायचं. हिवाळा निभतो. पण यंदा जमीन कोरडी ठाक. कोरड्यात पेरलं आणि मागून चांगला पाऊस आला, तर नऊच्या नऊ गाई जगल्या. नुसता शिडकावा आला, तर बी फसणार, अंगठ्याएवढं उगवून करपणार. काहीच आलं नाही, तर मुंग्या आणि पाखरं यांचं भलं. आणि बी काही फुकट जाऊ देण्यासारखं नव्हतं. मागच्या वर्षीच्या पिकातून राखलेलं, औषधबिवषध न लावलेलं, तीन पोती टपोरं ओट. भरडून घातलं तर गाईंना महिनाभराचा खुराक. पेरलं तर बी, नाही पेरलं तर जेवण. आणि थंडी एकदा जमिनीत बसली की मागून पेरलेलं ओट जागचं हलत नाही. हातात दिवस होते पंधरा.

चुकलं तर काय होणार, हे काकूंना पाठ होतं. चाऱ्याची गंजी हिवाळ्याच्या मध्यावर संपणार, आणि गाई बाजारात न्याव्या लागणार. सगळीकडे दुष्काळ असला की बाजारात गाई आणणारेच असतात, नेऊन सांभाळणारं कुणी नसतं.

ती तीन पोती स्वयंपाकघरात होती. गोठ्यात उंदीर, म्हणून काकूंनी ती फ्रीजशेजारी एकावर एक न ठेवता ओळीनं ठेवली, आणि काकांनी ताबडतोब मधल्यावर बैठक मारली. काका म्हणजे काकूंचे यजमान, पोस्टातून निवृत्त. चौतीस वर्षं पत्रं खणाखणांत लावली, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला खण असतो अशी त्यांची समजूत. मोबाईलमध्ये त्यांनी हवामानाची तीन ॲप घेतली होती.

"हे म्हणतंय चाळीस टक्के," काका पोत्यावरून जाहीर करायचे. "हे म्हणतंय दहा. आणि ह्याच्यात नुसतं छत्रीचं चित्र आहे."

"छत्री उघडी आहे की मिटलेली?" काकू विचारायच्या.

काका खरंच चष्मा वर करून बघायचे. "उघडी."

"मग उठा आणि तिच्याखाली जाऊन बसा. पोतं फाटेल."

आता दुसरी भानगड. त्या वस्तीत तीसएक घरं, सगळ्यांकडे चार-दोन जनावरं, आणि सगळ्यांचे डोळे काकूंच्या रानावर. काकूंनी पेरलं की पेरायचं, काकू थांबल्या की थांबायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शाळेच्या घंटेइतकं पक्कं होतं. त्याला कारण दोन. सहा वर्षांपूर्वी काकूंनी सगळ्यांच्या आधी पेरलं, आणि अकराव्या दिवशी पाऊस आला. तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनी पेरलं तेव्हा काकू तीन आठवडे हाताची घडी घालून बसल्या, आणि धो धो पाऊस येऊन सगळ्यांचं बी ओढ्यात गेलं. काकूंनी मागून पेरलं ते छातीला लागलं. झालं. तेव्हापासून "काकूंना जमिनीतलं कळतं" असं लोक आवाज खाली आणून बोलायला लागले.

खरं काय होतं? सहा वर्षांपूर्वी पुतणीचं बाळंतपण आलं होतं, तिच्याकडे महिनाभर जायचं म्हणून काकूंनी काम उरकून घेतलं. आणि तीन वर्षांपूर्वी दाढ दुखत होती. गाल पपईएवढा सुजलेला, ट्रॅक्टरवर बसलं की प्रत्येक ढेकळाला डोळ्यांपुढे काजवे. हाताची घडी नव्हती, गालाला हात होता.

हे काकूंनी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. आणि का म्हणून सांगावं? बाईनं जन्मभर "तुला काय कळतंय" ऐकायचं, आणि एकदा कुठे वस्ती "तुम्हालाच कळतं" म्हणायला लागली, तर तिनं "नाही हो, दाढ होती" म्हणून तो मान परत करायचा? तुम्ही केला असता? उगीच मोठेपणा सांगू नका.

पण यंदा तो मान काकूंच्या मानेवर बसला. सगळ्यात जास्त पाळत मास्तरांची. मास्तर शेजारचे, शाळेतून निवृत्त, पाच गाई आणि एक कुत्रा. दिवसातून एकदा फिरायला जाणारा तो कुत्रा त्या पंधरवड्यात चार-चारदा काकूंच्या कुंपणावरून फिरायला लागला. बिचारा निम्मा झाला. शेवटी शेवटी तर कुंपणाच्या कोपऱ्याशी बसकण मारायचा, आणि मास्तर दोरी ओढत उभे.

"काय वहिनी, काय म्हणतंय?" मास्तर विचारायचे.

"कोण?"

"म्हणजे... एकंदरीत."

"एकंदरीत बरं आहे. कुत्र्याला पाणी पाजा."

मास्तर घरी जाऊन बायकोला सांगायचे, "पाणी म्हणाल्या. पाण्याचा विषय काढला. काहीतरी कळलंय त्यांना."

मधल्या काळात सरकारी साहेब येऊन गेले. डेअरीच्या वरच्या खोलीत सभा. पडदा लावला, दिवे घालवले, पडद्यावर हिरवीगार चित्रं. ज्यांच्या रानात गवताची काडी नाही त्यांना तासभर गवताची चित्रं दाखवायची, ह्याला जिगर लागते. शेवटचं वाक्य पडद्यावर आलं: परिस्थितीनुसार योग्य निर्णय घ्यावा. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात काकू गमबुटांसकट उभ्या राहिल्या.

"साहेब, पेरायचं की नाही, एका शब्दात सांगा."

"ताई, ते जमिनीतल्या ओलाव्यावर अवलंबून आहे."

"ओलावा नाही."

"मग ते येत्या पावसावर अवलंबून आहे."

"तो येणार आहे का?"

"ते परिस्थितीवर अवलंबून आहे."

"मग परिस्थिती कुणाला विचारायची? तिचा फोन नंबर आहे?"

खोली हसली. साहेबांनी छापील कागद वाटले. कागद जाड होता, गुळगुळीत, गाईनंसुद्धा तोंड लावलं नाही. पाहुणीनं हुंगून सोडून दिला, आणि पाहुणी एरवी दोरी खाते. साहेबांचा राग येतो तो ते चुकीचं बोलले म्हणून नाही. ते चुकीचंसुद्धा बोलले नाहीत, हा राग आहे. चुकायलासुद्धा माणसाला थोडं पुढं यावं लागतं.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी राणीसाहेबांचा पाय मुरगळला. गाभण गाय, तीही दुबळी, बाकीच्या धक्के मारणार. तिला वेगळी जागा हवी. मोकळी जागा एकच, गोठ्याच्या मागचा कोपरा, आणि तिथे पेरणीयंत्र उभं. काकूंनी ट्रॅक्टर जोडला आणि यंत्र ओढून अंगणात आणून ठेवलं. यंत्र म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायची लांब पेटी, पेटीतून नळ्या खाली, नळ्यांपुढे लोखंडी फण. वर्षभर उभं असल्यामुळे बाहेर येताना ते असं करकरलं की मास्तरांच्या कुत्र्यानं घरी बसल्या बसल्या उत्तर दिलं. पेटीत कोंबडी खुडूक बसली होती. तिला उचलताना तिनं जो आरडाओरडा केला तो वेगळाच. आणि यंत्र बाहेर आलंच आहे तर काकांना चैन पडेना. त्यांनी ग्रीसचा डबा काढला आणि एकेक चाक, एकेक फण पुसून ग्रीस लावलं, ओळीनं, खणाखणांत लावल्यासारखं.

एवढंच घडलं. एका गाईला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी धारा काढून काकू बाहेर आल्या तर चहूकडे धूळ. पूर्वेला धूळ, ओढ्याच्या अंगाला धूळ, मास्तरांच्या रानात तर असा लोट की मास्तर मधेच गायब. काकूंना आधी वाटलं, वावटळ. मग ट्रॅक्टरचे आवाज कानावर आले. त्या तशाच किटली हातात घेऊन कुंपणाशी गेल्या.

"मास्तर! काय चाललंय?"

मास्तर धुळीतून बाहेर आले. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, दात तेवढे चमकत होते. "पेरतोय, वहिनी! तुमच्यावर विश्वास ठेवून."

"मी कधी सांगितलं पेरा म्हणून?"

"तुम्ही कशाला सांगाल? यंत्र बाहेर काढलंत. ग्रीस केलंत. आम्हाला काय डोळे नाहीत?"

"अहो, राणीसाहेबांना जागा हवी होती!"

मास्तर एक पाय फणावर ठेवून प्रेमानं हसले. "तुमचं हेच आवडतं मला. कधी श्रेय म्हणून घेणार नाही."

"मास्तर, मी शपथेवर सांगते, मला काही कळत नाही."

"ऐका, ऐका," मास्तर ट्रॅक्टरवर बसलेल्या जावयाला म्हणाले, "ज्यांना कळतं ती माणसं अशीच बोलतात."

काकू परतल्या. आता इथे त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, ते मनात ठेवा. काकू स्वयंपाकघरात आल्या, पाणी प्यायल्या, खिडकीतून बघितलं. धूळ वाढलीच होती. तीस घरं! तीसच्या तीस कशी चुकतील? त्यांच्यात मास्तर आहेत, वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. डेअरीवाला आहे, त्याचा भाचा म्हणे हवामान खात्यात आहे. कुणाला तरी काहीतरी कळलं असणार. आणि आपणच तेवढ्या मागे राहिलो तर? पाऊस आला, सगळ्यांचं रान हिरवं झालं आणि आपल्या नऊ जणी कुंपणावरून दुसऱ्याच्या गाईंचं जेवण बघत उभ्या राहिल्या तर?

"उठा," त्या काकांना म्हणाल्या.

"कुठे?"

"पोत्यावरून. पेरायचं आहे."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. बारा दिवस ज्या क्षणाची वाट बघितली तो आला आणि मोबाईल चार्जिंगला! तरी ते उठले. दोघांनी मिळून तिन्ही पोती अंगणात आणली. राणीसाहेब मागच्या कोपऱ्यातून आपल्या नव्या खोलीचं निरीक्षण करत होत्या. यंत्र जोडलं. एक पोतं पेटीत ओतलं; कोंबडी पुन्हा बसायला आली, तिला हाकललं. काकू ट्रॅक्टरवर, काका मागे फळीवर उभे, नळ्या चोंदल्या तर काठीनं ठोकायला. वकीलीण सवयीप्रमाणे फाटकात आडवी. तिची हरकत फेटाळून दोघं रानात पोचली.

पहिल्या ओळीच्या तोंडाशी काकूंनी गिअर टाकला, आणि काढला. ट्रॅक्टर जागच्या जागी धडधडत राहिला.

"का थांबलीस?" काका मागून ओरडले.

"अहो, एक सांगा. हे सगळे का पेरतायत?"

"तू पेरतेयस म्हणून!"

"आणि मी का पेरतेय?"

काकांच्या पोस्टातल्या चौतीस वर्षांत एखादं पत्र असं यायचं, की ज्याच्यावर पाठवणाऱ्याच्या जागी घेणाऱ्याचाच पत्ता. ते कुठल्याच खणात बसत नसे.

"सगळे पेरतायत म्हणून," ते हळूच म्हणाले.

काकूंनी इंजिन बंद केलं. बाजूच्या रानातून मास्तरांनी हात हलवला. त्यांना वाटलं, काकू मुहूर्त बघतायत. त्यांनीही आपला ट्रॅक्टर थांबवला.

काकू खाली उतरल्या, गोठ्यात गेल्या आणि पहार घेऊन आल्या. बारा दिवसांत जे केलं नव्हतं ते त्यांनी तेव्हा केलं. सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं होतं, ढगांकडे, पडद्याकडे, छत्रीच्या चित्राकडे; पायाखाली नव्हतं बघितलं. वरच्या एकरात पहार मारली. ठण्ण. कोपरापर्यंत खणलं तरी राखेसारखी माती. मधल्या एकरात तेच. घाम गळायला लागला, काका "मी मारतो" म्हणाले, त्यांनी एकदा मारली आणि पहार स्वतःच्या चपलेशेजारी रोवली, तेव्हा काकूंनी ती परत घेतली. मग त्या खालच्या अंगाला गेल्या, जिथे गोठा धुतलेलं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं वर्षानुवर्षं उतरत आलंय. तिथे वीतभरावर माती काळी. मुठीत दाबली तर गोळा झाला. तो पट्टा अर्ध्या एकरापेक्षा जास्त नव्हता.

काकू तिथेच बांधावर बसल्या. हिशोब सोपा होता, म्हणूनच कडू होता. अर्धा एकर पेरलं तर अर्धं पोतं बी लागेल. बाकीची अडीच पोती भरडून खुराक. पट्ट्याला रोजचं धुण्याचं पाणी आहेच, पाऊस आला नाही तरी तो तग धरेल. गंजी, खुराक आणि पट्टा मिळून सहा गाई पुढच्या पावसापर्यंत निभतात. सहा. नऊ नाही. नऊ निभतात त्या फक्त 'पाऊस आला तर' मध्ये, आणि त्या 'तर'वर तिन्ही पोती लावून हरलं, तर एकही निभत नाही.

"सहा," काकू म्हणाल्या.

काकांनी कुठलंच ॲप उघडलं नाही. ते शेजारी बसले आणि म्हणाले, "वकीलीण नको हं पाठवू." काकू उठल्या आणि ट्रॅक्टरकडे निघाल्या.

पट्टा तासाभरात पेरून झाला. पण तेवढ्यात मास्तर थांबलेत, बाकीचे पेरतायत, आणि दर फेरीला लोकांच्या गाईंचा खुराक मातीत जातोय, हे काकूंना दिसत होतं. गप्प बसल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. पाऊस आला असता तर मान वाढला असता, नसता आला तर लोकांनी आभाळाला शिव्या घातल्या असत्या. पण काकूंना गप्प बसता येत नाही. दुपारच्या दुधाला सगळी वस्ती डेअरीच्या पायऱ्यांवर कॅन घेऊन उभी असते, तिथे त्या गेल्या आणि वरच्या पायरीवर चढल्या.

"ऐका. मी फक्त खालचा ओला पट्टा पेरलाय. वरचं सगळं कोरडं आहे, ते मी पेरणार नाही. तुम्ही माझं यंत्र बघून पेरताय, ते बंद करा. यंत्र गाईसाठी काढलं होतं."

"आणि सहा वर्षांपूर्वी?" मागून कुणीतरी.

"पुतणीचं बाळंतपण होतं."

"आणि त्या पुराच्या वर्षी?"

काकूंनी श्वास घेतला. "दाढ दुखत होती."

पायऱ्यांवर एकदम गलका. "म्हणजे फसवलंत आम्हाला!" "आमच्या दोन पोत्यांचं काय?" डेअरीवाला म्हणाला, "तीन वर्षं आम्ही तुमच्या दाढेवर शेती करतोय?" मास्तर तर असे पांढरे पडले की धुळीचा रंग कुठे संपला ते कळेना.

काकूंचा पारा चढला. "मी फसवलं? कोणी विचारलं होतं मला? एकानं तरी येऊन सरळ विचारलं, की काकू, का पेरलंत? कुत्रं घेऊन फिरलात! माझ्या गोठ्याला कुलूप लागलं असतं तरी तुम्ही आपापल्या गोठ्यांना कुलपं लावून आला असतात. पहार आहे ना घरात? घाला जमिनीत. माझ्या नाही, स्वतःच्या."

आणि त्या उतरून चालायला लागल्या. गमबूट वेगवेगळ्या मापाचे, त्यामुळे रागानं चालतानाही एक पाय मागे राहत होता.

संध्याकाळपर्यंत निम्म्या रानांत ट्रॅक्टर थांबले होते आणि तिथून पहारीचे ठण्ण ठण्ण आवाज येत होते. मास्तरांना विहिरीच्या कडेला ओल सापडली. दोघा-तिघांना ओढ्याच्या काठाला. बाकीच्यांना काहीच नाही. काहींनी हट्टानं सगळं पेरलं ते पेरलंच. तीन आठवड्यांनी एक शिडकावा आला, धूळ बसण्याइतका; अंगठ्याएवढे हिरवे कोंब वर आले आणि आठ दिवसांत पिवळे पडले. काकूंच्या पट्ट्यातलं ओट आता घोट्याला लागतंय. राणीसाहेब व्यायल्या, कालवड झाली, आणि त्या पूर्वीपेक्षाही असह्य झाल्या आहेत.

काकूंचा मान गेला का? हीच तर गंमत आहे. लोक सुधारले असं समजू नका. आता मास्तर कुत्रा घेऊन येतात, कुंपणावरून वाकतात आणि काळजीनं विचारतात, "वहिनी, दाढ कशी आहे?" डेअरीवाल्यानं तर दुधाच्या पावतीबरोबर लवंगेचं तेल बांधून दिलं. काकूंनी ते घेतलं. उपयोगी वस्तू आहे.

पण मुख्य गोष्ट अजून सुटलेली नाही. सहा गाईंचं भागलं, तीन उरल्यात. सगळ्यांनी सल्ला दिला, दुबळ्या काढा, चांगल्या ठेवा. काकूंनी उलटं केलं. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या दारात दुबळी गाय पाठवायची मला लाज वाटते. दुबळ्या माझ्या, मी बघेन." म्हणून ज्या तीन द्यायच्या आहेत त्या सगळ्यात धडधाकट, पाहुणी, ढोली आणि वकीलीण. वकीलिणीचं नाव काढलं तेव्हा काका उठून बाहेर गेले आणि यंत्राला, जे आधीच चकचकीत होतं, पुन्हा ग्रीस लावत बसले. बाजारात न्यायला काकू तयार नाहीत. तिथे कोण घेतं आणि पुढे काय होतं, ते त्यांना माहीत आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की कुणीतरी पुढच्या पावसापर्यंत सांभाळायला न्याव्यात. दूध नेणाऱ्याचं, गाय काकूंची, पाऊस पडला की परत.

तुमच्याकडे विहिरीला पाणी असेल आणि दोन हात हिरवा चारा असेल, तर या. सकाळच्या धारा झाल्यावर या, तेव्हा काकू मोकळ्या असतात. त्यांना सल्ला देऊ नका, दुष्काळावर बोलू नका, बरोबर फक्त एक मजबूत दावं आणा. आणि तिघींपैकी एकीलाच नेता येणार असेल, तर वकीलिणीला न्या. ती फाटकात अडून बसेल, तेव्हा तिच्या मानेखाली खाजवा आणि तिचं म्हणणं पूर्ण होऊ द्या.